‘देणे’, ‘पिणे’ आणि ‘ॲव्हरेज’ : मोटार-खरेदीतील मापभाषा

लोणावळा-मावळ भागात नव्या मोटारीची गोष्ट निघाली म्हणजे ‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न ठरलेलाच असतो. यातील दोन्ही पदे अर्थविचाराच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. ‘ॲव्हरेज’ हा मूळचा व्यापक शब्द मोटारीच्या संदर्भात अर्थसंकोच पावून ‘एका लिटरमागे कापले जाणारे अंतर’ एवढ्याच अर्थी रूढ झाला. त्या अर्थी ‘सरासरी’ हा शब्द कोणी योजीत नाही. ‘देणे’ हे क्रियापद गाय दूध देते, जमीन पीक देते या प्रयोगांच्या पंक्तीतले होय. तक्रार करावयाची असली की मात्र तीच मोटार ‘पेट्रोल पिते’.

हा भेद केवळ आलंकारिक नव्हे. ‘देणे’शी लिटरमागे किलोमीटर हे माप जुळते, तर ‘पिणे’शी युरोपात रूढ असलेले शंभर किलोमीटरमागे लिटर हे माप. दोन्ही मापे परस्परांशी व्यस्त प्रमाणात असून खर्च दुसऱ्याच्या सम प्रमाणात बदलतो. समजा, एक मोटार वर्षाला १२,००० किलोमीटर धावते. लिटरला १० किलोमीटरऐवजी १२ देणारी मोटार घेतल्यास इंधन १,२०० लिटरवरून १,००० लिटरवर येते. २० ऐवजी २४ देणारी घेतल्यास ६०० वरून ५०० वर. दुसरी सुधारणा आकड्याने दुप्पट, परंतु बचत निम्मी. लॅरिक आणि सोल या संशोधकांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात, अमेरिकेतील मैल-गॅलन या मापाच्या संदर्भात, हाच भ्रम दाखवून दिला. त्यापूर्वी २००७ मध्ये टरेंटाइन व कुरानी यांनी कॅलिफोर्नियातील ५७ कुटुंबांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. इंधनखर्चाचा पद्धतशीर हिशेब मांडून मोटार निवडणारे एकही कुटुंब त्यांना आढळले नाही. ‘ॲव्हरेज’ हा ग्राहकाच्या मनात हिशेबाचा आकडा नसून मोटारीचा गुण असतो, असे यावरून म्हणावयास हरकत नाही.

घाटमाथ्यावर या गुणवाचक आकड्याचा अपुरेपणा अधिकच जाणवतो. बोरघाट चढताना मोटार लिटरला ८ आणि उतरताना २४ किलोमीटर देते असे कल्पिले, तर समान अंतराच्या चढ-उताराची सरासरी १६ नव्हे, १२ भरते. कारण चढावर जळालेले इंधन उतारावर पुरते भरून निघत नाही. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेसारख्या चाचणीसंस्था प्रमाणित करतात तो आकडा प्रयोगशाळेत, फिरत्या रुळांवर, ठरावीक वेगक्रमाने मोटार चालवून काढलेला असतो. दोन मोटारींच्या तुलनेस तो उपयुक्त आहे; घाटातील खर्चाचे भाकीत करणे हे त्याचे प्रयोजन नव्हे.

तात्पर्य, ‘किती देते?’ या प्रश्नाला ‘या रस्त्यावर वर्षाकाठी किती पिते?’ या प्रश्नाची जोड मिळाली पाहिजे. क्रियापद बदलले की माप बदलते, आणि माप बदलले की कित्येकदा निवडही बदलते.