आखाजी सरल्यावर

अक्षय तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात. जळगाव-धुळ्याकडच्या सासुरवाशिणींच्या लेखी हा सण दिवाळीच्या तोडीचा. मुऱ्हाळी जाऊन लेकीला घेऊन येतो, निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्यांवर ताव मारला जातो, आणि पुरुषमंडळी पत्त्यांचे डाव मांडून बसतात ते कुणी हाक मारली तरी उठत नाहीत. यावर दरवर्षी लिहून येतं. आखाजी सरल्यावर काय होतं, यावर मात्र क्वचितच कुणी लिहितं. झोके सुटतात आणि लेक सासरी परत जाते. तिथे चूल असते, सासूसासरे असतात, मुलांच्या खोड्या असतात आणि तोंडावर आलेला खरीप असतो. हे परतणं जड जातं ते कामाच्या ढिगामुळे, असं आपण धरून चालतो. पण ढीग दोन दिवसांत उपसता येतो. आपल्यावाचून आठ दिवस नीट चाललेल्या घरात पुन्हा आपली जागा करून घ्यायला त्याहून जास्त वेळ लागतो. खान्देशातल्या जुन्या रीतींना ही अडचण ठाऊक होती, आणि ती सोडवायचं काम त्यांनी परतणाऱ्या माणसावर एकट्यावर टाकलेलं नव्हतं.

सहलीचा आनंद किती टिकतो हे परदेशांतल्या संशोधकांनी मोजून पाहिलं आहे. नेदरलँड्समध्ये दीड हजारावर लोकांची पाहणी करून 2010मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की सुट्टीवर जाणारी माणसं निघण्याआधी इतरांपेक्षा अधिक खुशीत असतात. परत आल्यावर मात्र, अगदी निवांत सुट्टी लाभलेले सोडले, तर गेलेले आणि न गेलेले यांत फरक उरत नाही. पुढच्या एका डच अभ्यासात सुट्टीनं आलेली तरतरी कामाच्या पहिल्याच आठवड्यात ओसरलेली आढळली. हे का होतं, याचं मला पटणारं उत्तर मात्र या आकड्यांच्या कितीतरी आधीचं आहे. आल्फ्रेड श्युट्झ या समाजशास्त्रज्ञानं 1945मध्ये, युद्धावरून घरी परतणाऱ्या सैनिकांना डोळ्यांसमोर ठेवून एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की परतणाऱ्याला घर सोडलं तसंच सापडेल असं वाटत असतं आणि घराला माणूस गेला तसाच येईल असं वाटत असतं. दोघांचाही अंदाज चुकतो. सैनिकाशी सासुरवाशिणीची बरोबरी कशाला, असं कुणी म्हणेल. पण माहेरी आठ दिवस तिला तिच्या लहानपणीच्या नावानं हाक मारलेली असते, आणि इकडे जावेनं स्वयंपाकघरातले डबे आपल्या सोयीनं हलवलेले असतात. मिठाचा डबा जागेवर सापडला नाही की श्युट्झ काय म्हणतो ते कळतं.

आता या रीतींचं काम पाहू. आखाजी येते ती वाळवणाच्या दिवसांत. लेक परत निघते तेव्हा तिच्यासोबत सांजोऱ्या असतात, बिबडे, कुरडया, पापड असतात. सांजोऱ्या शेजारीपाजारी वाटल्या जातात, वाळवण वर्षभराच्या डब्यात जातं. म्हणजे ती मजा करून रिकाम्या हातानं आलेली नसते. घराच्या बेगमीत भर घालून आलेली असते, आणि ते डबे लावण्याच्या निमित्तानं स्वयंपाकघरावरचा तिचा हक्क न बोलता पुन्हा बसतो. दुसरी गोष्ट वेळेची. रब्बी घरात आलेला, खरीप अजून सुरू व्हायचा, अशा मधल्या फटीत हा सण बसवलेला आहे. सालदाराचं सालही आखाजीलाच संपायचं आणि नवं ठरायचं. सगळ्या घराचाच हिशेब त्या दिवशी मिटून नव्यानं सुरू होत असेल, तर परतणारी बाई चालत्या गाड्यात उडी मारत नाही. गाडाच तिच्यासोबत निघतो. यात्रेकरूंसाठी तर मावंद्याची रीत उभ्या महाराष्ट्रात होती. काशी-रामेश्वर करून आलेल्यानं गावजेवण किंवा निदान भाऊबंदांना जेवण घालायचं, गंगेचं पाणी वाटायचं. मावंदं हे यात्रेचं उद्यापन, असं शास्त्र सांगेल. मला त्यात आणखी एक सोय दिसते. प्रवासाची सगळी हकिकत एकदा, एका बैठकीत, ऐकायला तयार असलेल्या माणसांना सांगून होते. मग ती महिनाभर भाजी निवडताना तुकड्या-तुकड्यांत, न ऐकणाऱ्यांना सांगावी लागत नाही.

मुक्ताबाईंच्या पालखीकडे पाहिलं की यातलं काय निसटलं तेही दिसतं. मुक्ताईनगर म्हणजे पूर्वीचं एदलाबाद. तिथल्या कोथळीहून ज्येष्ठात निघालेली ही पालखी विदर्भाची कड आणि मराठवाडा ओलांडत सुमारे महिन्याभरानं पंढरपूरला पोहोचते. राज्यातल्या सर्वांत लांब पल्ल्याच्या पालख्यांत तिची गणना होते. जाताना रोज एक मुक्काम, रोज कीर्तन, आणि पाऊलभर का होईना, संसार मागे पडत जातो. एकादशी झाली की यातले कितीतरी वारकरी एसटीत बसतात आणि रात्रभरात घरी उतरतात. महिना लागलेली वाट एका डुलकीत संपते. रानात पेरणी दुसऱ्या कुणी केलेली, पीक वीतभर वर आलेलं, निंदणी डोक्यावर. पालखी माघारी चालत येते तेव्हा सोबत मोजकीच माणसं असतात, आणि तिचं महत्त्वही आपण मोजकंच मानतो. मन घराकडे वळायला जे दिवस लागतात, ते पायी परतण्यात आपोआप मिळत होते. हे वाचलेले दिवस आहेत असं आपल्याला वाटतं.

या सगळ्यावर एक आक्षेप जोरदार आहे, आणि तो टाळून चालणार नाही. रीतींनी परतीचा भार घरावर टाकला म्हणजे प्रत्यक्षात कुणावर टाकला? वारीहून आलेल्या पुरुषाचे पाय धुणारी बाई, मावंद्याचा स्वयंपाक करणारी बाई. आखाजीत नणंद झोक्यावर असते तेव्हा भावजय चुलीपुढे असते. बहिणाबाई चौधरींना हा हिशेब नेमका कळला होता. त्यांचं माहेर असोदे, सासर जळगाव. अंतर पायी जाण्याजोगं, तरी माहेर ते माहेरच. 'योगी आणि सासुरवाशीण' या त्यांच्या कवितेतली बाई योग्याला जे उत्तर देते त्याचा मथितार्थ असा, की लेकीला माहेर मिळावं यासाठीच आईनं सासरी राहायचं असतं. म्हणजे एकीच्या विसाव्याची किंमत दुसरी मोजते, आणि तिची पाळी पुढच्या पिढीत फिटते. ही उधारी सगळ्यांची फिटली, असं कुणी म्हणू शकणार नाही. लेक नसलेल्या बाईची तर मुळीच नाही. आक्षेप खरा आहे. पण त्यातून भार घरात कुणाकुणावर वाटायचा एवढंच बदलायला हवं, असं निघतं. परतीला भारच नसतो, असं त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप सोयीचा: नोकरीच्या जगात हे चोचले कोण पुरवणार? सुरतच्या उधना-लिंबायतमध्ये राहणारी खान्देशी कुटुंबं याचं उत्तर दरवर्षी अर्धंमुर्धं देतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशची देवी कानबाई बसते, सोमवारी सकाळी विसर्जन होतं. तेवढ्यासाठी विखुरलेली भाऊबंदकी गावी जमते आणि रोट खाल्ले जातात. विसर्जन करून ताप्ती लाइनची गाडी पकडली, तर मंगळवारी कामावर हजर राहता येतं. सण बेतशीर, परतीची वेळ ठरलेली, आणि मागे राहिलेलंही कुणी नाही, कारण सगळेच गेलेले असतात. अडचण होते ती घरातलं एकच माणूस जातं तेव्हा. पंढरीहून बाई परत येते, पिशवीत बुक्का आणि चुरमुरे असतात, आणि ओट्यावर कालची भांडी तशीच पडलेली असतात. तिच्या पायांवर पाणी कुणी घालायचं, हे अजून पुष्कळ घरांत ठरलेलं नाही.