गाण्यात लपलेला चेहरा

यवतमाळचं ऊन तापलं की वडा-पिंपळावरून तांबट सुरू होतो. टुक्... टुक्... टुक्! पानांत हा हिरवा पक्षी काही केल्या दिसत नाही. पण पोट्टेहो, त्याचा आवाज मात्र बघता येतो!

घरच्या मोठ्यांना सांगून फोनवर स्पेक्ट्रोग्राम दाखवणारं एखादं फुकट ॲप घ्या. स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजाचं चित्र. त्यात सहसा डावीकडून उजवीकडे वेळ पुढे सरकते. जाड आवाज खाली उमटतो, बारीक आवाज वर. आवाज जितका मोठा, तितका रंग ठळक. तांबटाचे उमटतात ठिपके, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे एका ओळीत. कोकिळाची ‘कुऊ’ म्हणजे वर चढत जाणारी रेघ (आणि हे ‘कुऊ’ करणारा असतो नर, बरं का). टाळी वाजवली तर उभी रेघ. पेटीची एकच पट्टी दाबा, एकावर एक कितीतरी आडव्या रेघा दिसतील! कारण एका सुरात खालच्या मुख्य सुराबरोबर वरचे अनेक सूरही वाजत असतात.

आता खरी गंमत. आवाजाचं चित्र होतं, तर चित्राचा आवाज होईल का?

होतो! काही संगणक प्रोग्रॅम चित्र डावीकडून उजवीकडे वाचत जातात. चित्रातल्या प्रत्येक आडव्या ओळीला एक सूर नेमून दिलेला असतो. ठिपका उजळ असेल तर तो सूर जोरात वाजवायचा, काळा असेल तर गप्प बसायचं. असे शेकडो सूर एकदम वाजले, की चित्र ऐकू येतं.

इंग्लंडच्या रिचर्ड जेम्सनं नेमकं हेच केलं. इलेक्ट्रॉनिक संगीतात तो ‘एफेक्स ट्विन’ या नावानं ओळखला जातो. 1999 साली त्याची ‘विंडोलिकर’ ही रेकॉर्ड आली. तिच्यातल्या एका रचनेला नावच नाही, नावाच्या जागी लांबलचक गणिती सूत्र! तिच्यात साडेपाच मिनिटांच्या सुमारास नुसती किरकिर, खरखर ऐकू येते. पण तिचा स्पेक्ट्रोग्राम काढला, की दात विचकून हसणारा चेहरा दिसतो. पुढे 2001 साली कॅनडाच्या ‘व्हेनेशियन स्नेअर्स’ नावाच्या संगीतकारानं आपल्या मांजरांची चित्रं अशीच गाण्यात लपवली. मला विचाराल तर मांजरंच भारी!

पण ही चित्रं ऐकायला इतकी कर्कश का? पेटीच्या रेघा आठवा. त्या ठरावीक अंतरावर असतात, म्हणून कानाला त्या सगळ्यांचा मिळून एकच सूर वाटतो. नाक, डोळे, दात असे हिशेबात थोडेच बसतात? मग सुरांची नुसती झोंबाझोंबी होते.

तेव्हा स्वतःचं नाव लिहून त्याचा आवाज करून बघणार असाल, तर आधी फोनचा आवाज कमी करा. आणि आजीची दुपारची झोप होऊ द्या.