भट्टी आणि प्रकाश

खोपोलीच्या टाटा वीजगृहातील चक्रे फिरवून मोकळे झालेले सह्याद्रीचे पाणी पाताळगंगेत उतरते आणि मोहोपाड्याच्या बाजूने धरमतरच्या खाडीकडे जाते. या पाण्याच्या भरवशावर खालापूर तालुक्याच्या या टापूत रासायनिक कारखानदारी नांदली. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीच्या रसायनी येथील कारखान्यातून नायट्रोबेन्झीन, अ‍ॅनिलीन यांसारखी, रंगांच्या, औषधांच्या व रबराच्या धंद्यास अत्यावश्यक असलेली रसायने बाहेर पडत. २०१७ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तो कारखाना बंद करण्यास मंजुरी दिली आणि अग्निबाणांना लागणाऱ्या नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा विभाग तेवढा इस्रोच्या हवाली करण्याचे ठरवले. त्या निर्णयाचा ऊहापोह येथे कर्तव्य नाही. परंतु ज्या रसायनशास्त्रावर अशा कारखान्यांची उभारणी झाली, त्याचा मुख्य आधार उष्णता हा होता, आणि त्या उष्णतेला गेल्या दीड-दोन दशकांत दृश्य प्रकाशाच्या रूपाने एक पर्याय पुढे आला आहे.

नायट्रोबेन्झिनाची वाफ व हायड्रोजन तांब्याच्या उत्प्रेरकावरून नेऊन अ‍ॅनिलीन करण्याची प्रचलित रीत दोनशे अंश सेल्सिअसच्या वरच चालते. उष्णतेचा स्वभाव असा की, पंगतीत भूक असो वा नसो, प्रत्येकाच्या पानावर सारखेच वाढावे, तशी ती द्रावक, कच्चा माल, तयार माल आणि भांड्याची भिंत या सर्वांना सरसकट ऊर्जा वाटते. त्यामुळे इष्ट बंधाबरोबर नको ते बंधही तुटतात. प्रकाशाची तऱ्हा निराळी. जो रेणू त्या रंगाचा प्रकाश शोषू शकतो, त्यालाच ती ऊर्जा मिळते, आणि मिळते ती भरघोस: निळा प्रकाश एका मोलमागे सुमारे २६५ किलोज्यूल ऊर्जा देतो, तर उकळत्या पाण्याच्या तापमानाला औष्णिक ऊर्जेचे माप त्याच हिशेबाने अवघे ३ किलोज्यूलच्या आसपास भरते.

ही कल्पना नवी नव्हे. इटलीतील बोलोन्या विद्यापीठाचे जाकोमो चामिचान यांनी काचेची पात्रे उन्हात ठेवून पुष्कळ प्रयोग केले होते, आणि धुरांड्यांवाचून चालणाऱ्या रासायनिक उद्योगाचे चित्र १९१२ सालीच जगापुढे मांडले होते. अडचण एवढीच की, बहुतेक सेंद्रिय पदार्थ रंगहीन असतात. म्हणजेच दृश्य प्रकाश त्यांच्यातून अस्पर्शित निघून जातो. तेव्हा प्रकाश स्वतः शोषून त्याचे सामर्थ्य इतरांच्या हाती देणारा कोणी मध्यस्थ हवा होता. रुथेनियम धातूचे बायपिरिडीनशी झालेले केशरी रंगाचे संयुग हा असा मध्यस्थ ठरला. त्यावर निळा प्रकाश पडताच धातूजवळचा एक इलेक्ट्रॉन भोवतालच्या सेंद्रिय वलयांवर सरकतो, आणि मायक्रोसेकंदाच्या आसपासच्या त्या अवधीत तो रेणू इलेक्ट्रॉन देण्यासही तयार असतो आणि घेण्यासही. २००८ साली अमेरिकेत डेव्हिड मॅकमिलन आणि टेशिक यून यांच्या प्रयोगशाळांनी, स्वतंत्रपणे, या गुणाचा सेंद्रिय संश्लेषणात उपयोग करून दाखवला. २०१४ साली अशा प्रकाशग्राही धातूच्या जोडीला निकेल आले, आणि एकाने प्रकाश टिपावा व दुसऱ्याने बंध जुळवावेत, अशी कामाची वाटणी रूढ झाली.

मोहोपाड्याहून फार दूर नसलेल्या पवईच्या आयआयटी मुंबईत या वाटणीचा एक नमुना सिद्ध झाला. बेन्झिनाच्या वलयाला पॅलेडियमच्या साहाय्याने ओलेफिनाची शाखा जोडण्याची, १९६७ साली जपानच्या फुजिवारा व मोरितानी यांनी दाखवलेली विक्रिया फार उपयुक्त खरी. पण तापवल्यावर ती शाखा वलयाच्या एकाहून अधिक जागी चिकटते, आणि मग मिश्रणातून हवे ते वेगळे काढण्यातच वेळ व पैसा खर्ची पडतो. देबब्रत मैती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली पॅलेडियमला एका सेंद्रिय प्रकाशउत्प्रेरकाची जोड देऊन, दृश्य प्रकाशात, भट्टी वा चांदीचे क्षार न वापरता, ही शाखा वलयावरील नेमक्या जागी बसवता येते हे दाखवले. असल्या प्रयोगांची मांडणी पाहू गेल्यास साधीच वाटते: निळ्या एलईडींच्या प्रकाशात ठेवलेली काचेची कुपी, ती घुसळणारा चुंबक, आणि दिव्यांची धग कुपीला लागू नये म्हणून फिरणारा छोटा पंखा.

तरीही कुपीतले यश जसेच्या तसे कारखान्यात उतरत नाही. रंगीत द्रावणात प्रकाश बहुधा पहिल्या काही मिलिमीटरांतच संपतो. हजारो लिटरच्या रिअ‍ॅक्टरबाहेर कितीही दिवे लावले, तरी आतला माल अंधारातच राहतो. म्हणून द्रावण बारीक पारदर्शक नळ्यांतून अखंड वाहते ठेवण्याची तजवीज करावी लागते. शिवाय रुथेनियम व इरिडियम दुर्मिळ आणि महाग आहेत, आणि दिव्यांच्या विजेचा खर्चही हिशेबात धरावा लागतो. यावरून निष्कर्ष स्पष्ट आहे: अ‍ॅनिलिनासारखा, टनावारी निघणारा स्वस्त माल तूर्त तरी भट्टीतच होईल; पण जेथे माल थोडा, रेणू नाजूक आणि किंमत मोठी, अशा औषधांच्या कामी प्रकाशाची सरशी होईल. पाताळगंगेच्या औद्योगिक क्षेत्रात रसायने बनवणाऱ्यांनी आणि तेथे नोकरीस जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे शास्त्र आताच शिकून घ्यावे, हे उत्तम.