स्त्री-हॉर्मोने आणि हृद्‌वाहिनी तंत्र

अंडकोशांतून स्रवणाऱ्या हॉर्मोनांचा परिणाम प्रजनन तंत्राप्रमाणेच हृदय व रक्तवाहिन्या यांवरही होतो. स्त्रियांमध्ये हृद्‌रोहिणी विकार पुरुषांच्या मानाने सरासरीने सात ते दहा वर्षे उशिरा उद्‌भवतो आणि रजोनिवृत्तीनंतर त्याचे प्रमाण वाढत जाते. या दोन्ही गोष्टींचा अंडकोशांच्या कार्याशी संबंध आहे. तथापि हे नैसर्गिक संरक्षण संपूर्ण नसते व कायमचेही नसते. मधुमेह, अतिरक्तदाब व तंबाखूचे सेवन यांमुळे ते क्षीण होते आणि अंडकोश अकाली काढून टाकल्यास लवकर संपुष्टात येते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा व त्याला लागून असलेला बीड जिल्हा येथील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बाबतीत या शेवटच्या कारणाला विशेष महत्त्व आहे.

प्रमुख हॉर्मोने : पोष ग्रंथीच्या नियंत्रणाखाली अंडकोशांतील पुटकांत इस्ट्रोजेन (स्त्रीमदजन) गटातील हॉर्मोने तयार होतात. त्यांपैकी इस्ट्रॅडिऑल हे सर्वांत प्रभावी होय. अंडमोचनानंतर पुटकाचे पीतपिंडात रूपांतर होते व त्यातून प्रोजेस्टेरोन स्रवते. रजोनिवृत्तीनंतर अंडकोशांतील इस्ट्रॅडिऑलची निर्मिती जवळजवळ थांबते. त्यानंतर शरीरातील इस्ट्रोजेन मुख्यत्वे वसा ऊतकात तयार होणाऱ्या इस्ट्रोन या सौम्य स्वरूपात आढळते.

रक्तवाहिन्यांवरील परिणाम : इस्ट्रोजेनाला ग्रहण करणारी प्रथिने म्हणजे ग्राही रोहिण्यांच्या अंतःस्तरातील व स्नायुस्तरातील कोशिकांत आढळतात. त्यांचे आल्फा व बीटा असे दोन प्रमुख प्रकार असून बीटा ग्राहीचा शोध १९९६ मध्ये लागला. इस्ट्रॅडिऑल ग्राहीशी संयोग पावले म्हणजे अंतःस्तरातील कोशिकांत नायट्रिक ऑक्साइडाची निर्मिती वाढते. हा वायू भोवतालच्या स्नायुकोशिकांना शिथिल करतो. त्यामुळे रोहिणी रुंदावते व रक्तप्रवाहास होणारा रोध कमी होतो. नायट्रिक ऑक्साइडाच्या या संदेशवाहक कार्याच्या शोधाबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नॅरो व फरीद मुराद यांना १९९८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

वसा व रक्तक्लथन : यकृतावरील क्रियेमुळे इस्ट्रोजेन रक्तातील कमी घनतेच्या वसाप्रथिनाचे प्रमाण घटविते व अधिक घनतेच्या वसाप्रथिनाचे वाढविते. रोहिणीच्या भित्तीत कोलेस्टेरॉल साचण्याची क्रिया यामुळे मंदावते. मात्र तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन प्रथम यकृतात पोहोचत असल्याने ट्रायग्लिसराइडे आणि रक्त गोठविणारे काही घटकही वाढतात. म्हणून एकच हॉर्मोन एका बाजूने उपकारक, तर दुसऱ्या बाजूने अपायकारक ठरू शकते. त्याचा एकूण परिणाम मात्रा, देण्याचा मार्ग, स्त्रीचे वय व तिच्या रोहिण्यांची मूळ अवस्था यांवर अवलंबून असतो.

गर्भारपण : गर्भारपणात रक्ताचे एकूण घनफळ सु. ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, हृदयाला अधिक रक्त ढकलावे लागते व वाहिन्यांचा रोध कमी होतो. निरोगी स्त्रीला हा भार पेलतो. परंतु रक्तक्षय किंवा संधिवाती ज्वरामुळे झडपा बिघडलेल्या स्त्रीचे हृदय त्यामुळे निकामी होऊ शकते. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होणे व लघवीत प्रथिन आढळणे ही गर्भाक्षेपपूर्व विकाराची प्रमुख लक्षणे होत. प्रसूतीनंतर हा विकार नाहीसा होतो, पण अशा स्त्रीला पुढील आयुष्यात हृद्‌रोहिणी विकार होण्याचा धोका इतरांच्या सु. दुप्पट असतो. त्यामुळे बाळंतपणानंतरही तिचा रक्तदाब ठरावीक काळाने मोजणे आवश्यक असते.

गर्भनिरोधक गोळ्या : शासकीय कुटुंब नियोजन कार्यक्रमातील माला-एन या गोळीत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोनसदृश द्रव्य यांचा संयोग असतो. बहुसंख्य तरुण स्त्रियांना ती सुरक्षित असते. तथापि अतिरक्तदाब, पूर्वी नीलेत रक्ताची गुठळी झालेली असणे, झडपांचा गुंतागुंतीचा विकार किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान यांपैकी काही असल्यास ती वर्ज्य मानतात. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात स्त्रिया धूम्रपान क्वचित करतात. परंतु भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावण्याची सवय अनेकींना असते. मिश्रीतील निकोटिनामुळेही नाडीचा वेग व रक्तदाब वाढतो. म्हणून अशा स्त्रीला तंबाखूविषयी विचारताना मिश्रीचा स्पष्ट उल्लेख करणे इष्ट असते, कारण पुष्कळ स्त्रिया तिला तंबाखूचे व्यसन समजत नाहीत.

रजोनिवृत्ती : भारतीय स्त्रियांमध्ये ती सर्वसाधारणपणे वयाच्या ४६ ते ४७ व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांच्या काही वर्षे आधी येते. त्यानंतर कोलेस्टेरॉल व रक्तदाब वाढू लागतात, कंबरेभोवती वसा साठते आणि रोहिण्या ताठर होतात. चाळिशीपूर्वी आलेल्या रजोनिवृत्तीस अकाली रजोनिवृत्ती म्हणतात. तीमध्ये रोहिण्या अनेक वर्षे आधीच इस्ट्रोजेनाला मुकतात. त्यामुळे हृद्‌रोहिणी विकाराचा धोका वाढतो व हाडेही ठिसूळ होतात.

गर्भाशयोच्छेदन व ऊसतोड कामगार स्त्रिया : अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागात कालव्यांच्या पाण्यावर ऊस पिकतो. लोणीजवळील प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. याउलट पाथर्डी, शेवगाव व जामखेड हे अवर्षणप्रवण तालुके बीडप्रमाणेच ऊसतोडीसाठी मजूर पुरवितात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते व कामाचा खाडा झाल्यास दंड बसतो. कोपीवर पाणी व शौचालय यांची सोय अपुरी असते. अशा स्थितीत पाळीतील अतिरक्तस्राव व अंगावरून पांढरे जाणे या तक्रारींवर औषधोपचाराऐवजी गर्भाशय काढण्याचा मार्ग अनेकींनी स्वीकारला. कर्करोगाची भीतीही त्यास कारणीभूत ठरली.

या प्रश्नाच्या चौकशीसाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे सु. १७ टक्के स्त्रियांचे, गर्भाशय काढलेले आढळले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण २·६ टक्के होते. अनावश्यक गर्भाशयोच्छेदन रोखण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आणि ती तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना दिला.

गर्भाशय स्वतः इस्ट्रोजेन निर्माण करीत नाही. त्यामुळे केवळ ते काढल्याने हॉर्मोनांचा स्राव लगेच थांबत नाही. पण अंडकोशांचा रक्तपुरवठा काहीसा घटतो व रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. त्याच वेळी दोन्ही अंडकोश काढल्यास मात्र इस्ट्रोजेनाची पातळी काही दिवसांतच घसरते. तिशीतील स्त्रीच्या बाबतीत हा फरक मोठा ठरतो. अंडकोश ठेवले की काढले याची नोंद शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांत असावी व ती स्त्रीला समजावून सांगावी. पाळी बंद होण्याचे कारण दोन्ही प्रसंगी गर्भाशयाचा अभाव हेच असल्याने केवळ पाळीवरून तिला हा भेद कळत नाही.

हॉर्मोन चिकित्सा : इस्ट्रोजेन दिल्याने हृदयाचे रक्षण होईल, अशी समजूत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रचलित होती. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रकल्पात ५० ते ७९ वर्षे वयाच्या १६,६०८ स्त्रियांवर संयुक्त हॉर्मोनांची चाचणी घेण्यात आली. हृद्‌विकार, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या व स्तनाचा कर्करोग यांचे प्रमाण वाढल्याचे आढळल्याने ती २००२ मध्ये मुदतीपूर्वी थांबविण्यात आली. पुढील विश्लेषणात वयाचे महत्त्व स्पष्ट झाले. रजोनिवृत्तीनंतर लवकर सुरू केलेल्या चिकित्सेचा परिणाम आणि दहा वर्षांनंतर, रोहिण्या विकृत झाल्यावर, सुरू केलेल्या चिकित्सेचा परिणाम सारखा नसतो. म्हणून निव्वळ हृद्‌विकार टाळण्यासाठी हॉर्मोने देत नाहीत. अकाली रजोनिवृत्तीत मात्र अन्य अडचण नसल्यास नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या सरासरी वयापर्यंत ती देण्याची शिफारस केली जाते.

लक्षणे व प्रतिबंध : हृद्‌विकाराच्या झटक्यात स्त्रियांनाही छातीत दुखते, परंतु धाप लागणे, मळमळ, अतिशय थकवा, जबडा वा पाठ दुखणे ही लक्षणे पुष्कळदा अधिक ठळक असतात. कष्टाने आलेला थकवा समजून त्यांकडे दुर्लक्ष होते व उपचारास विलंब होतो. प्रतिबंधाचे मुख्य उपाय साधे आहेत : रक्तदाब व रक्तशर्करा यांची नियमित तपासणी, मिश्री व तंबाखू सोडणे, मीठ कमी करणे आणि रक्तक्षयावर उपचार.

गावातीलच स्त्रियांना शिकवून आरोग्यसेवा घरापर्यंत नेता येते, हे जामखेड येथे रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने दाखवून दिले. या दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अल्पशिक्षित ग्राम आरोग्यसेविकाही माताबालकांची काळजी कुशलतेने घेऊ शकतात, हे तेथे सिद्ध झाले. रक्तदाब मोजणे त्याहून कठीण नाही. हंगामात सहा महिने स्थलांतर करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत ही तपासणी गावाबरोबरच फडावरही होणे जरूर आहे. तसेच गर्भाशय काढलेल्या प्रत्येक स्त्रीची अशी तपासणी चाळिशीपूर्वीच सुरू होणे हितावह ठरते.