वनांतील कार्बनचा ऱ्हास व पुनर्भरण

वृक्षतोड, फांद्यांची छाटणी, अतिचराई, वणवे इ. उपद्रवांमुळे वनातील कार्बनसाठ्यात होणारी घट व उपद्रव थांबल्यावर वनस्पतींच्या वाढीने होणारी त्याची भरपाई, या दोन प्रक्रियांचा यात समावेश होतो. वन समूळ नाहीसे न होताही त्यातील कार्बन मोठ्या प्रमाणात घटू शकतो. दुरून हिरवे दिसणारे वन आतून विरळ झालेले असते.

प्रकाशसंश्लेषणाने वनस्पती हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतात व त्यातील कार्बन खोड, मुळे, पाने यांत साठवितात. शुष्क लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बनाचा असतो. एक टन कार्बनाच्या पूर्ण ज्वलनातून सु. ३·६७ टन कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. पालापाचोळा व मृदेतील सेंद्रिय द्रव्य हेही कार्बनाचे महत्त्वाचे साठे होत.

रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांतील डोंगरांवर मुख्यतः आर्द्र पानझडी वने असून त्यांत साग, ऐन, किंजळ, खैर इ. वृक्ष आढळतात. या वनांवरील ताण जुना आहे. भाताची रोपे तयार करण्यापूर्वी टहाळ, पालापाचोळा, गवत व शेण पसरून जमीन भाजण्याच्या राब पद्धतीसाठी वृक्षांच्या फांद्या दरवर्षी तोडल्या जात. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील वनविषयक तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमण्यात आला, तेव्हा राबाचा प्रश्न प्रामुख्याने पुढे आला. इंधनासाठी कोळशाच्या भट्ट्याही लावल्या जात. मूळचा काताचा व्यवसाय असलेले अनेक कातकरी त्यांवर मजुरी करीत. मातीच्या भट्टीत लाकडाच्या शुष्क वजनाच्या सु. पाव हिस्सा किंवा त्याहूनही कमी कोळसा मिळतो. उरलेल्या कार्बनापैकी बराचसा भट्टीतूनच वायुरूपाने निघून जातो व बाकीचा कोळसा जळताना मुक्त होतो. छत्र विरळ झाल्यावर पावसाळ्यातील जोरदार सरींनी उतारावरील सुपीक मृदा वाहून जाते आणि हानी दुहेरी होते.

पुनर्भरणाचा वेग उपद्रवाच्या स्वरूपावर अवलंबून असतो. साग, ऐन यांसारख्या वृक्षांच्या तोडलेल्या बुंध्यांपासून धुमारे फुटतात; मुळे शाबूत असल्याने ते बियांपासून उगवलेल्या रोपांपेक्षा लवकर वाढतात. तथापि वारंवार छाटणी व वणवे चालू राहिल्यास धुमारे खुरटतात, रोपे जळतात आणि तेथे झुडपे व गवत माजते. अमेरिका खंडातील उष्ण कटिबंधीय दुय्यम वनांविषयी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, जुन्या वनाच्या ९० टक्के जीवभार परत येण्यास लागणाऱ्या काळाचे मध्यक मूल्य ६६ वर्षे होते. पर्जन्यमान व मृदा भिन्न असल्याने हा आकडा कोकणास जसाच्या तसा लागू करता येत नाही. परंतु काही तासांत जळणाऱ्या लाकडाची भरपाई होण्यास कित्येक दशके लागतात, हे त्यावरून दिसते.

संरक्षणाच्या दृष्टीने खाजगी वने संपादन करणारा १९७५ चा राज्य कायदा व मुरूड-रोहा तालुक्यांतील फणसाड अभयारण्य (१९८६) उल्लेखनीय आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला. वणव्यांना आळा, आळीपाळीने चराईबंदी व स्थानिक वृक्षांचे संवर्धन हे पुनर्भरणाचे प्रमुख उपाय होत. मात्र टहाळ व सरपण यांवर ज्यांचा निर्वाह चालतो त्यांना पर्यायी साधने मिळाल्याशिवाय ते टिकाऊ ठरत नाहीत.