‘इन्स्टॉल’ म्हणजे नक्की काय बसवायचं?

मराठीत आपण पंखा बसवतो, नळ बसवतो, खिडकीला काच बसवतो. या प्रत्येक कामात एक गोष्ट गृहीत असते: वस्तू तयार असली तरी जागा प्रत्येकाची वेगळी, म्हणून कुणीतरी मापं घेऊन ती नीट बसवायला हवी. आज फोनवर ॲप ‘इन्स्टॉल’ करताना यातलं काहीच जाणवत नाही. बटण दाबलं, गोल फिरला, झालं. सुरुवातीच्या पर्सनल कॉम्प्युटरवर मात्र इन्स्टॉल हा शब्द शब्दशः खरा होता. मापं घेणारे तुम्हीच, बसवणारेही तुम्हीच.

सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम घ्या. गॅरी किल्डॉल यांनी 1974 च्या सुमारास ती इंटेल 8080 या चिपसाठी लिहिली. तिच्यात प्रोग्राम ‘बसवणं’ म्हणजे एका फ्लॉपीवरून दुसरीवर फाइल उतरवणं, एवढंच. त्यासाठी पीआयपी नावाचा प्रोग्राम असे. आज्ञा द्यायची ती उलटी: आधी कुठे न्यायचं, मग कुठून. ‘बी:=ए:*.*’ म्हणजे ए मधलं सगळं बी वर. मधेच फ्लॉपी बदलली तर कंट्रोल-सी दाबून सिस्टिमला तसं कळवावं लागे. विसरलात तर ती नव्या फ्लॉपीवर काही लिहूच देत नसे. तुम्ही फ्लॉपी बदललीत हे तिच्या लक्षात आलेलं असे, पण जुन्या फ्लॉपीचा नकाशा वापरून नवीवर लिहिलं तर सगळाच घोळ होईल, म्हणून हा चाप.

फाइल उतरली, नाव टाइप केलं, प्रोग्राम सुरू झाला. मग अडचण कुठे? अडचण स्क्रीनची.

त्या काळी स्क्रीन आणि कीबोर्ड मिळून ‘टर्मिनल’ नावाचं वेगळं यंत्र असे, आणि ते तुम्ही कुठल्याही कंपनीचं घेऊ शकत होता. अक्षर छापायची रीत सगळ्यांची सारखी, पण कर्सर हलवायची रीत ज्याची त्याची. समजा, वरून शून्यापासून मोजून पाचव्या ओळीत, दहाव्या रकान्यात कर्सर न्यायचाय. एडीएम-3ए या टर्मिनलला आधी एस्केप, मग ‘=’ आणि त्यामागून ओळ व रकाना, प्रत्येकात 32 मिळवून, पाठवायचे. 37 आणि 42, म्हणजे ‘%’ आणि ‘*’ ही चिन्हं. व्हीटी52 ला हेच सांगायचं तर ‘=’ च्या जागी ‘वाय’. व्हीटी100 ची तर भाषाच निराळी. चुकीच्या टर्मिनलला चुकीचा संकेत गेला की कर्सर जागेवरच राहतो आणि मजकुरात मधेच ‘%*’ असं काहीतरी उमटतं.

सीपी/एम या भानगडीत पडत नसे. त्यामुळे ओझं प्रोग्रामवर, आणि शेवटी तुमच्यावर. वर्डस्टार (1978) या गाजलेल्या वर्ड प्रोसेसरसोबत ‘इन्स्टॉल’ नावाचा वेगळा प्रोग्रामच मिळायचा. तो टर्मिनलांची यादी दाखवी. तुमचं त्यात असेल तर उत्तम. नसेल तर टर्मिनलचं मॅन्युअल उघडा, संकेत शोधा आणि एकेक करून भरा. ते संकेत थेट वर्डस्टारच्या फाइलमध्ये, त्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेत लिहिले जात. तुमचा वर्डस्टार त्या अर्थाने खरंच ‘तुमचा’ होई. शेजाऱ्याच्या टर्मिनलवर तो तसाच चालेल याची खात्री नाही.

याच्याही खालचा थर म्हणजे चिप. इथे शिकागोच्या वायव्येचं शॉमबर्ग हे उपनगर येतं. आज या परिसरात बरीच मराठी कुटुंबं राहतात. मोटोरोला कंपनीने 1976 मध्ये आपलं मुख्यालय इथे आणलं. तिची 6800 ही चिप 1974 पासून बाजारात होती आणि तिच्यावर चालणारे घरगुती कॉम्प्युटरही लोक जोडत होते. पण 8080 साठी बनवलेला प्रोग्राम 6800 ला कळतच नाही. दोघींच्या आज्ञा वेगळ्या. म्हणून या यंत्रांवर सीपी/एम ऐवजी फ्लेक्स नावाची सिस्टिम लोकप्रिय झाली. तीही फ्लॉपीवरून प्रोग्राम उतरवून चालवायची, पण तिच्यात ‘टीटीवायसेट’ अशी एक आज्ञा होती: पानाची लांबी-रुंदी, मागे जाण्याची कळ वगैरे एकदाच सिस्टिमला सांगून ठेवा. मापं घेण्याचं थोडं काम प्रोग्रामकडून सिस्टिमकडे सरकलं. संपूर्ण नव्हे, पण दिशा हीच होती.

आणि मुळात प्रोग्राम घरी यायचा कसा? आठ इंची फ्लॉपीचा एक ठरलेला साचा होता, पण सव्वापाच इंचीचे साचे कंपनीगणिक बदलत. एकाची फ्लॉपी दुसऱ्याला वाचता येईना. यावर शिकागोतच एक उत्तर निघालं. वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी 1977 मध्ये टेलिफोनवरून फाइल पाठवायची पद्धत लिहिली, जी पुढे एक्समोडेम म्हणून ओळखली गेली. फाइलचे 128 बाइटचे तुकडे करायचे, प्रत्येकासोबत बेरीज पाठवायची. बेरीज जुळली नाही तर तोच तुकडा पुन्हा. मोडेमचा वेग सेकंदाला 30 अक्षरं धरला, तर 30 किलोबाइटच्या प्रोग्रामला 17 मिनिटांहून जास्त लागतील. पण फ्लॉपीचा साचा कुठला, हा प्रश्नच उरला नाही.

आता आपल्याकडे या. समजा तेव्हा तुम्हाला या यंत्रावर मराठी लिहायचं असतं, तर काय इन्स्टॉल केलं असतं? उत्तर: काहीच नाही. अक्षरांचे आकार टर्मिनलच्या आतल्या चिपमध्ये कायमचे कोरलेले असत. काही टर्मिनलांवर इंग्रजीची लहान अक्षरंसुद्धा जादा पैसे देऊन घ्यावी लागत. देवनागरीचं नावच नको. शिवाय अक्षरांना मिळून संकेत 128, तेही इंग्रजीनेच व्यापलेले. आपली अडचण प्रोग्रामच्या, सिस्टिमच्याही खालच्या थरात होती.

म्हणून भारतातलं उत्तर हार्डवेअरमधून आलं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्र पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना 1988) पुढे नेलं आणि पीसीत खोचायचं जिस्ट कार्ड तयार झालं. त्यामागे इस्की हे प्रमाण होतं: पहिले 128 संकेत इंग्रजीचे तसेच ठेवायचे, वरच्या 128 मध्ये भारतीय लिपी. त्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉस प्रोग्राममध्येही मराठी टाइप करता येई. तिथेही जुनी खोड नडायची. वर्डस्टार आपल्या डॉक्युमेंट मोडमध्ये तोच आठवा बिट शब्दाचं शेवटचं अक्षर ओळखायला वापरत असे. एकाच खुंटीवर दोघांनी सदरा टांगायचा म्हटल्यावर काय होणार!

पुढे विंडोज आलं आणि मराठीही फॉन्ट म्हणून इन्स्टॉल होऊ लागली. सोय झाली, पण प्रत्येक फॉन्ट-संचाचे संकेत वेगळे. टर्मिनलांचीच गोष्ट पुन्हा. फॉन्ट बदलला की मजकूर इंग्रजी अक्षरांचा काला दिसे. इस्कीच्या पायावर युनिकोडमध्ये देवनागरीला कायमची जागा मिळाली, तेव्हा कुठे फाइल आणि फॉन्ट यांची ताटातूट झाली.

तुमच्याकडे त्या काळातल्या सीडी किंवा हार्डडिस्क असतील, संस्थेच्या स्मरणिका, आजोबांचं टाइप केलेलं लिखाण, तर एकदा उघडून बघा. अक्षरं वेडीवाकडी दिसली तरी मजकूर गेलेला नाही. त्याचं माप फक्त दुसऱ्या कुणाकडे आहे. तो कुठल्या फॉन्टमध्ये टाइप झाला होता हे माहीत असलेलं माणूस घरात आहे तोवर विचारून फाइलच्या नावात लिहून ठेवा. युनिकोडमध्ये रूपांतर नंतरही करता येईल. फॉन्टचं नावच हरवलं, तर मात्र कोडं सोडवत बसावं लागेल.