इमारती, खाणं आणि ठेका

पहिल्या अल्बममध्ये जवळचं सगळं ओतून झालं की दुसऱ्यात द्यायचं काय, या पेचात भलेभले बँड अडकतात. न्यूयॉर्कच्या टॉकिंग हेड्सना ती ददात नव्हती. दुसऱ्या अल्बमची बरीचशी गाणी सीबीजीबी क्लबात वाजवून आधीच मुरली होती. प्रश्न ती रेकॉर्डवर कशी उतरवायची, एवढाच.

१९७८ साली डेव्हिड बर्न, टीना वेमथ, ख्रिस फ्रँट्झ आणि जेरी हॅरिसन बहामातल्या कंपास पॉइंट स्टुडिओत पोचले. निर्माता होता ब्रायन ईनो. हा गडी बँडवर इतका खूश, की वर्षभरापूर्वीच त्याने टॉकिंग हेड्स या नावाच्या अक्षरांची उलटापालट करून एका गाण्याला शीर्षक दिलं होतं.

अल्बमचं नाव 'मोअर साँग्ज अबाउट बिल्डिंग्ज अँड फूड'. मुखपृष्ठावर पोलरॉइडचे ५२९ तुकडे जोडून केलेलं चौघांचं चित्र. यातले तिघे कलाशाळेत शिकलेले, हे सांगावंच लागत नाही. 'आर्टिस्ट्स ओन्ली' हे गाणं तर मला वर्गातल्या हुशार मुलाच्या आगाऊपणासारखं वाटतं. पण या हुशारीला पाय फुटले ते फ्रँट्झचे ड्रम्स आणि वेमथच्या बेसमुळे. पदार्पणाच्या अल्बमात बर्नचा धास्तावलेला आवाज सगळी जागा व्यापतो. इथे त्याला या नवरा-बायकोच्या ठेक्यावर चालावं लागतं. 'फाउंड अ जॉब'च्या शेवटी तर शब्द संपतात आणि ठेकाच गाणं पुढे नेतो.

टीकाकारांनी अल्बम उचलून धरला. 'व्हिलेज व्हॉइस'च्या रॉबर्ट क्रिस्टगाऊने 'ए' श्रेणी दिली. श्रोते मात्र आले ते परक्या गाण्यामागून. अल ग्रीनचं 'टेक मी टू द रिव्हर' बँडने मुद्दाम संथ, जडशीळ लयीत वाजवलं आणि ते बिलबोर्डच्या यादीत २६व्या क्रमांकावर गेलं, अल्बम २९व्यावर. न्यू वेव्हचा हा बँड स्वतः पहिल्यांदा अमेरिकेच्या 'टॉप ३०'मध्ये शिरला तो मेम्फिसच्या सोल संगीताचं बोट धरून. मला यात कमीपणा दिसत नाही. १९८०च्या 'रिमेन इन लाइट'मध्ये आफ्रिकी तालांकडे वळण्याची तयारी इथेच झाली.

शेवटचं 'द बिग कंट्री' विमानातून खाली दिसणाऱ्या अमेरिकेला नाक मुरडतं. मागच्या मुखपृष्ठावर उपग्रहातून टिपलेली तीच अमेरिका. शब्दांत शहरी तुसडेपणा ठासून भरलाय, पण गिटार वाजते ती अस्सल कंट्री ढंगाने, म्हणजे ज्यांना नावं ठेवली त्यांच्याच सुरात.